आत्याच्या रक्तातला मासा

३ फेब्रुवारी

आत्या,

सोबत एक जाड कागदाचं कार्ड पाठवते आहे. त्यावर तीन गोल छापलेले आहेत. एक छोटी टोचणी आहे, कापसाचा बोळा आहे आणि प्रयोगशाळेचा पत्ता लिहिलेलं पाकीट. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला टोचायचं आणि प्रत्येक गोलात एकेक थेंब पडू द्यायचा. पसरवायचं नाही, फुंकर मारायची नाही. तीन तास वाळलं की पाकिटात घालून टपालात टाकायचं. एवढंच काम आहे.

कशाला, तेही सांगते. आमच्याकडे नवा अभ्यास सुरू होतोय. रक्तातली मेदाम्लं, म्हणजे चरबी ज्या घटकांनी बनते ते घटक, मोजायचे आणि पुढची कित्येक वर्षं पाहत राहायचं की कोणाला मधुमेह होतो, कोणाला होत नाही. हजारो माणसांची कार्डं येणार आहेत. त्याआधी यंत्रावर आमचा हात बसावा म्हणून मॅडमनी सांगितलंय, प्रत्येकाने घरच्या माणसांना पकडून आणा. अशी चाळीस कार्डं जमवतोय. निकाल ज्याचा त्याला सांगायची मुभा आहे. मी बाबांचं घेतलं, माझं घेतलं, आणि तिसऱ्या कार्डावर तुझा क्रमांक घातला.

यंत्र मोठं गमतीचं आहे. आत केसाएवढी बारीक, साठ मीटर लांब नळी वेटोळं करून ठेवलेली असते. एकेक मेदाम्ल त्यातून आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर एकेक टेकडी उमटते. काही टेकड्या आपण काय खाल्लं ते सांगतात. माशातून आलेली वेगळी, दुधातून आलेली वेगळी, तेलातून आलेली वेगळी. आणि काही आपलं शरीरच बनवतं. साखर आणि मैदा गरजेपेक्षा जास्त झाला की यकृत त्याची चरबी करून ठेवतं, आणि त्या टेकड्या उंच व्हायला लागतात. त्या फार उंच असल्या तर पुढे मधुमेहाची शक्यता वाढते असं दिसतंय. शक्यता, बरं का. पत्रिका नव्हे.

फोनवर विचारलं की तू ‘पुस्तक बांधतेय, हात खळीत आहेत’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे सगळं लिहिलं. शिवाय बाबांना तुझी पत्रं वाचून घ्यायला आवडतात. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण तुझं पत्र आलं की खुर्ची खिडकीजवळ ओढायला लावतात. ते म्हणतात, ‘तिला लिही, दिवसभर सुयांशी खेळते, तिने टोचणीला घाबरल्याचं सोंग करू नये.’

तू अठ्ठावन्नची झालीस, आणि शेवटची तपासणी कधी केलीस असं विचारलं की विषय बदलतेस. मला सगळं कळतं.

तुझी,
खारूताई


१४ फेब्रुवारी

खारूताई,

घे तुझं कार्ड. थेंब कसे गोल पडलेत बघ. कंपास लावून काढल्यासारखे. मॅडमना दाखव आणि सांग, आमच्या घरात कामात हयगय चालत नाही.

माझं खाणं विचारलं नाहीस तरी लिहून ठेवते, म्हणजे तुझ्या टेकड्यांशी जुळवून बघता येईल. सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी भाज्या. चार वाजता चार अक्रोड, मोजून. रात्री थोडकंच. गोड म्हणशील तर मी चवही विसरले. पायी चालते. कुठे ते विचारू नकोस, खोलीतल्या खोलीतही मैल दोन मैल होतात.

काम भरपूर आहे. सार्वजनिक वाचनालयातून एक शब्दकोश आलाय, चार खंडांचा. पाठ पार निखळलेली, पानांचे फर्मे सुटे झालेले, एका खंडात कोणीतरी दाबून ठेवलेलं फूल, आणि दुसऱ्यात चक्क एक दात. दुधाचा. मी तो पाकिटात घालून परत पाठवला. वाचनालयातून पुस्तकं दर मंगळवारी येतात.

दादाला म्हणावं, सोंग करायला मी काय त्याच्यासारखी आहे का? शाळेत लस टोचायला आले तेव्हा कपाटात कोण लपलं होतं, ते खारूताईला सांगू का?

तुझी आत्या


२ मार्च

आत्या,

बाबा म्हणतात, कपाटात ते लपलेच नव्हते, काहीतरी शोधत होते.

तुझं कार्ड यंत्रात जाऊन आलं. दोनदा. दुसऱ्यांदा का, ते ऐक.

तुझ्या रक्तात मासा आहे. म्हणजे माशातून येणाऱ्या मेदाम्लांची टेकडी एवढी उंच आहे की चाळीस कार्डांत दुसरी तशी नाही. आमच्या पलीकडच्या टेबलावरचा सहकारी समुद्रकाठच्या गावचा, त्याचं घर सगळं माशांवर वाढलेलं, तर तेही तुझ्यापुढे फिकं. आणि तू ती बाई, जिने बाबांनी माशाचा डबा उघडला म्हणून एक अख्खा रविवार गच्चीत काढला.

आणखी एक. शरीराने स्वतः बनवलेली जी मेदाम्लं, तीही चांगलीच वर गेलीत. बिनसाखरेच्या चहावर ती एवढी वर जाणार नाहीत. अक्रोडांचा मात्र फारसा पत्ता लागला नाही.

मॅडमना वाटतंय की माझ्या हातून दोन कार्डांची अदलाबदल झाली. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. चष्मा कपाळावर ढकलून नुसतं म्हणाल्या, ‘चाळीसमध्ये गोंधळ, तर दहा हजारांत काय होईल?’ सात वर्षं मी नमुन्यांवर क्रमांक घालते आहे आणि आज पहिल्यांदा मला माझेच आकडे परके वाटले.

तू मासे खायला लागली आहेस का? खरं असेल तर मला आनंदच आहे. फक्त कळव.

खारूताई


९ मार्च

खारूताई,

लागले खायला. त्यात एवढं काय? माणूस बदलतो. वाचनात आलं की मासे तब्येतीला चांगले, म्हणून सुरू केले. उकडते, वरून लिंबू पिळते आणि खाते. काटे? काटेही खाते, चावून चावून. कॅल्शियम असतं त्यात.

मॅडमना सांग, माझ्या भाचीच्या हातून अदलाबदल होत नाही.

शब्दकोशाचा दुसरा खंड शिवून झाला. तिसऱ्याला पुठ्ठे लावायचे आहेत. ऊन चांगलं पडतंय, खळ लवकर वाळते.

तुझी आत्या


१६ मार्च

आत्या,

पत्र बाबांना वाचून दाखवलं. ‘काटे चावून चावून’ इथे पोचले आणि ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. पाणी दिलं, पाठ चोळली. मग म्हणाले, ‘हिला पापलेट आणि पोस्टकार्ड शेजारी ठेवून विचार, यातला मासा कुठला ते. आणि वाच, पुन्हा वाच तेवढं वाक्य.’ तीनदा वाचून घेतलं.

मी मात्र हसले नाही. सोमवारपासून मला चाळीसच्या चाळीस कार्डं परत चालवायची आहेत. एका कार्डाला पाऊण तास. ती पुरी होईपर्यंत खऱ्या अभ्यासाची कार्डं मॅडम दुसऱ्या कोणाकडे देणार आहेत. मी त्या जागेसाठी तीन वर्षं थांबले होते, तुला माहीत आहे.

रागावून लिहीत नाही. तू खोटं बोलतेस तेव्हा फार तपशिलात शिरतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. खरं बोलतेस तेव्हा एका ओळीत आटपतेस. मला ती एक ओळ पाठव.

ते रक्त कोणाचं आहे?

खारूताई


२१ मार्च

खारूताई,

ग्रंथपालाचं.

ही झाली एक ओळ. मॅडमना आजच्या आज सांग. सोबत त्यांच्या नावे वेगळी चिठ्ठी जोडली आहे, तीत सगळा दोष माझा असं स्पष्ट लिहून खाली सही केली आहे. माझ्यामुळे तुझी जागा गेली असती तर मी स्वतःला काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे.

आता ग्रंथपाल कोण, ते. वाचनालयाची फाटकी पुस्तकं दर मंगळवारी येतात असं मी लिहायचे. ती आपल्या पायांनी येत नाहीत, कोणीतरी आणतं. साठीला टेकलेला माणूस आहे, पाठीला पोक, खिशात कायम माशाचा डबा. रोज दुपारी एक डबा. मी त्याला आत खाऊ देत नाही, कागद वास धरतो. तो बाहेरच्या पायरीवर बसून खातो आणि उंबऱ्यातून माझ्याशी बोलतो. आठ वर्षं झाली. तुला सांगितलं नाही, कारण पत्र दादाला वाचून दाखवलं जातं, आणि दादाने चेष्टा करून करून मला नकोसं केलं असतं.

त्या मंगळवारी तुझं कार्ड टेबलावर पडलेलं त्याने पाहिलं. म्हणाला, ‘बाई, आठवडा होत आला, अजून कोरंच?’ मी म्हटलं, ‘पुस्तकांवर डाग पडेल.’ तो म्हणाला, ‘मग माझं घ्या. माझं रक्त एक नंबर आहे. आमच्या घरात कुणाला कधी काही नाही.’ आणि बोट पुढे केलं. उपाशी होता की नाही तेही मी विचारलं नाही. मला काय ठाऊक, रक्त बोलतं म्हणून. मला वाटलं, तांबडं ते तांबडं.

तुझी आत्या

*(वेगळ्या कागदावर)*

हे पान दादाला वाचू नकोस.

सहा महिन्यांपासून मला दुपारी धूसर दिसतं. सकाळी बरं असतं. दुपारी सुईत दोरा जात नाही. ग्रंथपाल ओवून देतो आणि मी म्हणते, हात चिकट आहेत. दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी दुपारी, मग दिव्याखाली, मग रोज.

मला तपासायचं नाही. तपासलं नाही तोवर ते नुसतं धूसर आहे. तपासलं की त्याला नाव मिळेल. चहात साखर दोन चमचे असते, दिवसात सहा कप. अक्रोड मला आवडत नाहीत.

डोळ्यांशिवाय मी काय शिवणार, सांग.


२८ मार्च

धाकटे,

हे मी सांगतोय आणि तुझी खारूताई लिहिते आहे. तिने एक शब्द बदलला तर मला कळेल, कारण पेन कागदावर किती वेळ घासलं ते मी ऐकतोय.

परवा तुझं पत्र आलं. तिने वाचलं, मी ऐकलं. ग्रंथपालाबद्दल पुढे सवडीने बोलू, आठ वर्षांची बाकी आहे. पण घडी उलगडताना तीन कागद वाजले. एक मॅडमचा, एक तुझा. तिसऱ्याचं काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, ‘काही नाही’ला आवाज नसतो. तरीही तिने वाचलं नाही. दोन दिवस घरात माझ्याभोवती पाय न वाजवता फिरत राहिली. तेव्हा त्यात काय असणार ते मीच ओळखलं. आपल्या दोघांच्यात लपवण्यासारखी गोष्ट एकच आहे, डोळे.

म्हणून जे कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. खारूताईलाही हे लिहितानाच कळतंय. माझे डोळे नशिबाने गेले असं तुम्ही सगळे समजता. मी तसं समजू दिलं. कचेरीत एकदा सगळ्यांची तपासणी झाली होती. कागद हातात आला, त्यावर साखर लिहिली होती, पुढे लाल रेघ. मी तो घरी नकाशांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, जुन्या आराखड्यांच्या तळाशी ठेवला. चार वर्षं. त्या चार वर्षांत मी पुलांचे सात नकाशे काढले आणि प्रत्येक वेळी तो खण सोडून बाकीचे उघडले. डॉक्टर नंतर म्हणाले, तेव्हाच आला असतात तर बरंच काही वाचलं असतं.

नाव मिळाल्याने माझं काही गेलं नाही, धाकटे. न मिळाल्याने गेलं.

तेव्हा जायचं. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी, आणि बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा. हे तिन्ही शब्द खारूताईने सांगितले, मी पाठ केले. एकटी जाऊ नकोस, तू वाटेतून परत फिरशील. त्या माणसाला बरोबर ने. ज्याने तुझ्यासाठी बोट टोचून घेतलं तो दवाखान्यापर्यंत येईल.

दादा

*(खाली)*

आत्या, इथून पुढे माझं. बाबा झोपल्यावर तो कागद शोधायला मी कपाट उघडणार होते, मग वाटलं, नको.

मॅडमनी तुझी चिठ्ठी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, ‘म्हणजे यंत्र बरोबर आहे, तू बरोबर आहेस, आणि आत्याने आम्हाला न मागता परीक्षेचा प्रश्न पाठवला.’ खरी कार्डं सोमवारपासून माझ्याकडे.

ग्रंथपालांना माझ्याकडून सांग, आणि नीट सांग. माशाची टेकडी उत्तम, पण शरीराने बनवलेली मेदाम्लं खरोखर वर आहेत. हा नुसता इशारा आहे, निदान नाही. पण त्यांनी साखर तपासायलाच हवी. उपाशी नव्हते तर आणखीच.


१९ एप्रिल

दादा, खारूताई,

हे पत्र दोघांना, आणि सगळीच पानं मोठ्याने वाचायची.

ग्रंथपालाला सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला होता. म्हणाला, ‘म्हणजे मी तुमच्यासाठी खोटी साक्ष द्यायला गेलो आणि माझीच चोरी पकडली गेली?’ मग त्याने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. वाचनालयाच्या टेबलाच्या खणात असे सहा असतात म्हणाला. डब्यानंतर तोंड बदलायला, वर्गवारी करताना तोंडात असावं म्हणून, कंटाळा आला म्हणून. ‘मासे खातो म्हटल्यावर बाकीचं माफ असेल असं वाटायचं.’

महिन्याच्या सुरुवातीला एका गुरुवारी गेलो. दोन उपाशी म्हातारी माणसं एका बाकावर बसली की काय होतं ते लिहीत नाही. आम्ही पंख्यावरून भांडलो. मग समोरच्या तक्त्यावर शुद्धलेखनाची चूक होती, तिच्यावरून. परिचारिका म्हणाली, ‘आजी, नवऱ्याला जरा शांत करा.’ मी म्हटलं, ‘हा माझा ग्रंथपाल आहे.’ ती एवढी हसली की तिच्या हातातली नावांची यादी खाली पडली. आधी माझं नाव पुकारलं. मी उठले आणि दाराकडे निघाले. बाहेरच्या दाराकडे. तो माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला. पिशवीशिवाय कुठे जाणार? परत आले.

निकाल दोन दिवसांनी मिळाले. माझी साखर रेषेच्या अलीकडे आहे, पण रेषेला टेकून. डॉक्टरीण म्हणाली, मधुमेह झालेला नाही, उंबऱ्यावर उभा आहे, तुम्ही दार लावू शकता. साखर बंद, मैदा कमी, रोज पाऊण तास चालणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा. खोलीतल्या खोलीतलं चालणं धरणार नाही म्हणाली. तिला कुणी सांगितलं, खारूताई?

डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा दिवस जग दुधात बुडाल्यासारखं झालं. ग्रंथपालाने कोपर धरून घरी आणलं आणि वाटेत प्रत्येक पायरी मोठ्याने मोजली, रस्त्यावरची माणसं बघत होती. दादा, पडदा स्वच्छ आहे. तीनदा विचारलं. स्वच्छ. मोतीबिंदूची सुरुवात आहे, तीही अगदी बारीक. बाकी सगळा दोष चष्म्याचा. नऊ वर्षं जुना चष्मा. मी बाहेर येऊन त्या बाकावर बसले आणि रडले. त्याने रुमाल दिला, त्याला माशाचा वास होता, तरी मी त्यानेच डोळे पुसले.

त्याचं मात्र ठरलं. रेषेच्या पलीकडे आहे, त्याला मधुमेह आहे. पण लवकर कळलं, पाय ठीक, डोळे ठीक, मूत्रपिंड ठीक. गोळ्या सुरू झाल्या. कागद त्याने मला वाचायला दिला. वाचून झाल्यावर विचारलं, ‘कुठे ठेवू?’ मी म्हटलं, ‘भिंतीवर लावा.’ आता तो वाचनालयात त्याच्या टेबलामागे लावलेला आहे, मुलांनी आवाज करू नये या सूचनेच्या शेजारी. बिस्किटं खणातून गेली. अक्रोड आलेत. दोघांनाही आवडत नाहीत, दोघंही खातो.

सकाळी सहाला तो खाली येऊन घंटा वाजवतो आणि आम्ही नदीपर्यंत जाऊन येतो. तो हळू चालतो आणि फार बोलतो. दादा, चेष्टा कर. माझी तयारी आहे.

खारूताई, सोबत कार्ड आहे. हे माझं. एक थेंब गोलाबाहेर गेलाय, चालेल ना?

चार दिवसांपूर्वी नवा चष्मा आला. घालून कामाला बसले. शब्दकोशाचा चौथा खंड हातात घेतला आणि सहज पहिला उघडून पाहिला. टाके वाकडे. मग वाचनालयात गेले आणि गेल्या वर्षभरात मी शिवलेली पुस्तकं कपाटातून काढायला लावली. एकेक उघडून पाहिलं. कुठे दोरा सैल, कुठे भोक चुकलेलं, एका कथासंग्रहात तर पूर्ण फर्मा उलटा शिवलेला. एकतीस पुस्तकं. ग्रंथपाल शिडीवर उभा होता, खाली बघत नव्हता. मी विचारलं, ‘तुम्हाला दिसत होतं?’ म्हणाला, ‘दिसत होतं.’ ‘मग परत का नाही आणली?’ त्याने बराच वेळ एक पुस्तक पुसलं. ‘परत आणली असती तर तुम्ही काम सोडलं असतं.’

एकतीसही घरी आणली आहेत. टाके उसवून पुन्हा शिवते आहे. दिवसाला एक होतं, आणि दुपारी सुईत दोरा मीच ओवते.

तुमची आत्या